पुणे ते अबोहर: कॅम्परसाठी जुनी फोर बाय फोर शोधताना

गुरुवार, गोवा एक्स्प्रेस

दादा आदल्या रात्री सांगलीला चढला होता, मी पहाटे पुण्याला. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. ट्रकच्या बॉड्या बांधण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. मला आणि नवऱ्याला पिकअपच्या हौद्यावर झोपण्या-रांधण्यापुरती खोली बांधून स्पिती, झंस्कारकडे महिना-दोन महिने हिंडायचं आहे. त्यासाठी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ देता येणारी गाडी हवी आणि ती जुनीच हवी. नवी परवडत नाही, शिवाय कोऱ्या गाडीला ड्रिल लावायला माझं मन धजत नाही.

मनमाड सोडल्यावर वही उघडली. गाडी कुठली घ्यायची ते नंतर, आधी वजनं लिहायची, असं दादाचं म्हणणं. आम्ही दोघं नवरा-बायको १४० किलो. पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. लिथियमची १०० अँपिअर-अवरची बॅटरी १२, सोलर पॅनेल २०, छोटा फ्रीज १६. बारा मिलीच्या प्लायवूडची आठ बाय चारची एक शीट साधारण २३ किलो भरते. दोन धरल्या, ४६. खोलीचं कवच दोन मिली ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, १२ चौरस मीटर, ६५ किलो. त्याचा सांगाडा ३०, गादी १२, शेगडी आणि छोटा सिलिंडर १३, जॅक-दोरखंड-पाने ४०, कपडे आणि शिधा ४०. बेरीज ४९४. आमची मर्यादा ठरली: ५०० किलो.

हेच कवच दीड-पावणेदोन मिलीच्या लोखंडी पत्र्याचं केलं तर एका फटक्यात ८०-९० किलो वाढतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी टाकली तर आणखी ४० तरी. कॅम्पर बांधणारे पुष्कळजण आधी गाडी घेतात, मग लोखंड चढवत जातात, आणि पहिल्या घाटात मागच्या स्प्रिंगचे पाटे सपाट होतात तेव्हा वजनाचा विचार सुरू होतो. मला हे फार धोक्याचं वाटतं. लेह-मनालीच्या रस्त्यावर ब्रेक तापलेली, मागून बसलेली गाडी फक्त स्वतःच्या माणसांच्या जिवावर उठत नाही.

आरसीवर दोन वजनं असतात: रिकाम्या गाडीचं आणि भारासकट जास्तीत जास्त. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की जे उरतं त्यात माणसंही आली. ही वजाबाकी विकणारा कधी सांगत नाही, आपणच करायची.

दादाचा क्रम पक्का आहे: वजन, कागद, चेसी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. लोक बॉनेट उघडून आवाज ऐकतात आणि तिथेच निम्मा व्यवहार करून टाकतात. इंजिन उतरवून बांधता येतं. पैसे लागतात, पंधरा दिवस लागतात, पण होतं. वाकलेली चेसी आणि अर्धवट कागद पैसे ओतूनही सरळ होत नाहीत.

आता एवढं उत्तरेला कशाला? आपल्याकडे जुन्या फोर बाय फोर पिकअप मुळात थोड्या, आणि कोकण-गोव्याकडच्या गाड्यांना समुद्राच्या हवेने गंज धरलेला. उलट दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादाने बंदी आणली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे त्या नियमांत वर-खाली होत राहिलं, तरी मुदत जवळ आली की मालक गाडी परराज्यात विकायला काढतात, ही रीत पडून गेली. आणि पंजाब-हरियाणात शेतकरी फोर बाय फोर खरोखर चिखलात वापरतात, नुसती दारात उभी करत नाहीत.

नजरेसमोर गाड्या मोजक्याच: टाटा झेनॉन, महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे, बोलेरो कॅम्पर, इसुझू व्ही-क्रॉस. यातही एक मेख आहे. बोलेरो कॅम्परसारखी पिकअप बहुतेकदा मालवाहू म्हणून नोंदलेली असते: पिवळी पाटी, ठरावीक मुदतीने फिटनेस, आणि हौद्यावर राहण्याची खोली दिसली की वाटेत प्रश्न. व्ही-क्रॉस खाजगी, पांढऱ्या पाटीवर मिळते. माझा कल तिकडेच होता. दादा म्हणाला, कल असू दे, पण तोंडावर दिसू देऊ नकोस.

शुक्रवार, दिल्ली

धुक्याने गाडी निजामुद्दीनला उशिरा पोचली. सामान टाकून थेट करोल बाग.

एक काळी झेनॉन दाखवली. रंग असा की तोंड दिसावं. दादाने पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला. गरम. आम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली होती, म्हणजे थंड इंजिन पहिल्या झटक्याला कसं घेतं, किती आणि कुठल्या रंगाचा धूर टाकतं, हे कळायची वाटच बंद. मग त्याने ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत खेचून बाहेर काढला. रोजच्या वापरात जो भाग कधी बाहेर येत नाही, त्यावर तपकिरी आडवी रेघ होती. सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या. मागच्या दिव्याच्या काचेआड बारीक गाळ.

गाडी पाण्यात उभी राहिलेली होती. जुलै २०२३ मध्ये यमुना दिल्लीत २०८.६६ मीटरपर्यंत चढली होती, तिथल्या नोंदीतली सर्वांत उंच पातळी. ही गाडी त्याच पाण्यातली की दुसऱ्या कुठल्या, हे तिचं तिलाच माहीत. पण बुडालेली फोर बाय फोर ही साध्या बुडालेल्या गाडीपेक्षा जास्त वाईट. दोन्ही डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधले गिअरचे गोळे) आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) यांना हवा जायला छोट्या नळ्या असतात, त्यांतून पाणी आत शिरतं. ऑईल दुधट होतं, बेअरिंग आतल्या आत खात जातात. शिवाय नव्या गाड्यांत फोर व्हील टाकणारी मोटर विजेवर चालते. तिच्या वायरी एकदा भिजल्या की कुठे आणि कधी दगा देतील याचा नेम नाही. स्पितीत काझाच्या पलीकडे तो दगा परवडणारा नाही.

विक्रेता म्हणत राहिला, "गाड़ी एकदम टिच है, बहनजी." आम्ही नमस्कार करून निघालो.

शनिवार, गुरुग्राम

एका हौशी माणसाची गेटअवे. गाडी जिवापाड जपलेली, सर्व्हिसची एकूण एक बिलं फायलीत. पुढे जाड लोखंडी बंपर, विंच, वर कॅरिअर, मागे लोखंडी टपाचा साज. वजनकाट्याची पावतीसुद्धा त्यानेच काढून दाखवली, याचं मला कौतुक वाटलं. पण वजाबाकी केली तर आमच्या खोलीसाठी पुरते २०० किलोही उरत नव्हते. सगळा साज उतरवून द्या म्हणणं त्याच्या हौसेचा अपमान झाला असता. चहा घेतला, त्याच्याकडून स्पितीतले डिझेल पंप कुठे कुठे आहेत ते वहीत उतरवून घेतलं. दुपारी हिसारच्या बसमध्ये बसलो.

रविवार, डबवाली

हिसार, फतेहाबाद, सिरसा आणि मग डबवाली, सगळा राष्ट्रीय महामार्ग ९. धुकं इतकं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची कडा बघत होता. डबवाली हे हरियाणाचं शेवटचं गाव, बाजाराला लागूनच पंजाब सुरू होतो. उघड्या जीप बांधणारी गॅरेजं म्हणून या गावाचं नाव दूरवर आहे. लष्कराने लिलावात काढलेल्या जीप इथे यायच्या, उघडल्या जायच्या, नव्याने उभ्या राहायच्या. त्यातून कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या.

इथे मला अर्धा दिवस पुरला नाही. एका शेडमध्ये जोंगा उभी होती. निसानच्या 'पॅट्रोल' नावाच्या गाडीवरून बेतलेली ही लष्करी जीप जबलपूरच्या लष्करी कारखान्यात तयार व्हायची. १९९९ च्या सुमाराला बंद झाली. दारं जाड, बिजागऱ्या अजून घट्ट. बाजूला नुसत्या चेसी रचून ठेवलेल्या, पलीकडे लेथवर एक मुलगा ॲक्सल शाफ्ट घासत होता. दादा त्या मुलाजवळ जाऊन बसला. दोघांची भाषा निराळी, पण मायक्रोमीटरवरचा आकडा दोघांनाही एकच दिसत होता, आणि तेवढ्यावर त्यांचं छान जमलं.

सिरशाच्या रस्त्याला एका आवारात टाटाचा अडीच टनी एलपीटीए ७१३ ट्रक दिसला होता, लष्करी हिरवा, उंच चाकांचा. तो पाहून माझं मन हललं होतं, खोटं कशाला बोलू. एवढा हौदा मिळाला तर घरच उभं राहील. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडीही साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या परवान्यावर चालवता येते, म्हणजे परवान्याची अडचणही कदाचित आली नसती. पण लष्कराच्या गाडीला आरटीओचा नंबर नसतो, बाणाचा लष्करी क्रमांक असतो. ती लिलावात एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत 'जशी आहे, जिथे आहे' तत्त्वावर निघते, आणि बाहेर नोंदवायची तर लिलावाच्या कागदापासून आजच्या मालकापर्यंत एकेक दुवा हातात लागतो. या गाडीचे मधले दोन दुवे गायब होते. आवारातला माणूस म्हणाला, "कागज बन जाएंगे." जिथे कागद 'बनतात' तिथून मी वस्तू घेत नाही.

इथल्या जीपांचंही तेच दुखणं आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेपासून गाडी बदलता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याचंच. तेव्हापासून रस्त्यावर अडवल्या जाणाऱ्या बदललेल्या जीप वाढल्या आणि इथले कारागीर धास्तावले. पूर्ण मोटर कॅराव्हॅन म्हणून नोंद करायची तर त्याला एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, ते मोठ्या बांधणाऱ्यांना झेपतं. म्हणून आमची खोली चेसीला वेल्डिंग न करता, हौद्यावर बसणारी आणि उतरवता येणारी करायची आहे. आणि तिचं रेखाचित्र बांधायच्या आधी आरटीओत दाखवायचं, नंतर नाही. या कारागिरांच्या हातात जे कसब आहे ते असं आडोशाला राहू नये, छोट्या बांधणाऱ्यालाही तपासणी करून मंजुरी घेता यावी, एवढी वाट सरकारने काढायला हवी असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी त्याच लेथवरच्या मुलाचे वडील म्हणाले, अबोहरला एक सरदारजी आहेत, किन्नूची बाग आहे, व्ही-क्रॉस विकायची म्हणतात. तिच्या शाफ्टचा क्रॉस मीच बदललाय. दादाने एकच मागणी केली: त्यांना फोन करून सांगा, उद्या आम्ही येईपर्यंत गाडीला किल्ली लावू नका.

सोमवार, अबोहर, लोहडी

सकाळी मलोटमार्गे अबोहर. दोन्ही बाजूंना किन्नूच्या बागा, झाडं फळांनी वाकलेली, आणि धुक्यात तो नारिंगी रंग पार दूरवर दिसत होता.

गाडी २०१८ ची, बीएस-४, अडीच लिटरचं इंजिन. पॅकिंगच्या शेडमध्ये उभी होती. बॉनेट बर्फासारखं गार. सरदारजींनी दादाचं म्हणणं अक्षरशः पाळलं होतं. एवढ्या थंडीत किल्ली फिरवली आणि गाडीने घेतलं. सुरुवातीला थोडा पांढुरका धूर, मिनिटभरात साफ. दादाने ऑईलचं झाकण सैल करून नुसतं ठेवून पाहिलं: इंजिन बॅक मारत असतं, म्हणजे झिजलेल्या पिस्टनशेजारून वायू खाली येत असता, तर झाकण थडथडलं असतं. ते जागेवर राहिलं. पण हे सगळं त्याने शेवटी केलं. मी आधी सांगितलं कारण वाचणाऱ्यालाही इंजिनचीच घाई असते.

त्याआधीचे दोन तास चेसीचे. शेडची जमीन सिमेंटची, सपाट. दादाने पिशवीतून ओळंबा आणि खडू काढला. चेसीवरची दोन्ही बाजूंची नेमकी तीच तीच भोकं धरून ओळंबा सोडला आणि खाली जमिनीवर खुणा केल्या. मग गाडी मागे घेतली आणि खुणांमधले तिरके कर्ण टेपने मोजले. चेसी सरळ असेल तर समोरासमोरचे कर्ण सारखे येतात, अपघातात पिळवटलेली असेल तर एक लांब, एक आखूड. इथे फरक ३ मिलीचा आला, तो खडूच्या जाडीचा धरायचा. सरदारजींची नातवंडं हा खेळ उकिडवी बसून बघत होती.

मग हातोडीने टकटक करत चेसीची पूर्ण लांबी. अबोहर-मुक्तसरच्या या पट्ट्यात पाणथळ आणि खारवट जमीन खूप, तो चिखल चेसीच्या पोकळीत साचून राहिला तर आतून खातो. आवाज सगळीकडे खणखणीत आला. वरवरचा गंज होता, उघडा, दिसणारा. मला तोच बरा वाटतो. खालून काळंकुळं नवं कोटिंग मारलेली गाडी दिसली की मी सावध होते. चेसीवर ठोकलेला नंबर आरसीशी अक्षरन्‌अक्षर ताडला.

दोष निघाले. मागचे पाटे चेसीला जिथे टांगलेले असतात त्या शॅकलचे बुश (सांध्यातली रबरं) पार गेलेले, पुढच्या खालच्या आर्मचे बुश चिरलेले, टायर चार वेगवेगळ्या वयांचे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. एक टायर २०१८ चाच निघाला. हौद्याला क्रेटांनी घासून चरे पडलेले. मागच्या डिफरन्शियलच्या भोकातून बोटाने ऑईल काढून चोळलं: काळसर, पण दुधट नाही आणि चमकणारी कणी नाही.

फोर व्हीलची परीक्षा डांबरी रस्त्यावर घ्यायची नाही. पकड पक्की असली की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना ताणतात आणि चांगली ट्रान्स्फर केसही कुरकुरते. बागेला पाणी दिलेलं होतं, तिथे नेली. चालत्या गाडीत गोल बटण फोर-हायवर फिरवलं, दिवा लागला, पुढची चाकं ओढू लागली. मग पूर्ण थांबून, न्यूट्रल करून फोर-लो, म्हणजे चारही चाकांना संथ पण जास्त जोराची ओढ. ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी चिखलातून माणसाच्या चालीने वर आली. दादा बाजूने चालत आवाज ऐकत होता. भरलेल्या गाडीने घाटातल्या उभ्या वळणावर क्लच न जाळता चढायचं तर हा फोर-लोच कामाला येतो. नुसत्या फोर व्हीलच्या बिल्ल्याला काही अर्थ नाही.

मग मी हौद्यात बसून टेप लावली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३०९५ मिली. पाण्याची टाकी केबिनच्या पाठीला चिकटून बसवायची म्हणजे तिचं वजन मागच्या ॲक्सलच्या पुढे राहील. गादी आडवी टाकली तर नवऱ्याचे पाय दुमडतात, म्हणून झोपायची जागा केबिनच्या टपावर पुढे काढावी लागणार. दादा म्हणाला, काढ, पण ॲल्युमिनियमची, आणि तिथे काही जड ठेवायचं नाही.

संध्याकाळी अंगणात लोहडीची आग पेटली. गजक, रेवडी, शेंगदाणे. मी पुण्याहून तिळगूळ नेला होताच, तो घरातल्या बीजींच्या हातावर ठेवला. त्यांनी मला "पुत्त" म्हटलं आणि रात्री मक्याची रोटी आणि साग खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. किमतीचा विषय त्या रात्री कोणी काढला नाही.

मंगळवार, संक्रांत

सकाळी मंडीतल्या धर्मकाट्यावर गाडी चढवली. टाकी काठोकाठ भरलेली, आत कोणी नाही. काट्याचा आकडा आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा ७० किलोने जास्त आला: हौद्यातलं रबरी अस्तर, मागचा हूक, भरलेलं डिझेल. अस्तर आणि हूक उतरणारच आहेत. वजाबाकी केली, आमचे ५०० बसले आणि वर थोडी जागा राहिली. दादाने पावती घडी करून वहीत ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान हलवली.

मग कागद. एमपरिवहन ॲपवर आरसी, विमा, चलनं. चोरीची नोंद नाही हे एनसीआरबी या केंद्राच्या गुन्हे-नोंद खात्याच्या 'वाहन समन्वय' संकेतस्थळावर. आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत होता; कर्ज फिटलेलं, बँकेचं पत्रही कपाटात, पण फॉर्म ३५ भरून तो उतरवायचं राहून गेलेलं. हे झाल्याशिवाय परराज्याची एनओसी निघत नाही. तेव्हा ठरलं: आधी बोजा उतरवायचा, मग फॉर्म २८ वर पुणे आरटीओच्या नावाने एनओसी, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. महाराष्ट्रात नवा नंबर घेताना गाडीच्या वयाप्रमाणे कर भरावा लागतो. तो आम्ही पहिल्यापासून किमतीत धरला होता. बरेच लोक तो विसरतात आणि स्वस्तातली गाडी मग महाग पडते.

भाव करताना दादाने बुश, टायर आणि आर्मचा खर्च कागदावर मांडून दाखवला, एक रुपया फुगवला नाही. सरदारजींनी कागद वाचला, मुलाला वाचायला दिला आणि तेवढी रक्कम कमी केली. मी इसार दिला, पावतीवर चेसी नंबर आणि 'एनओसी मिळाल्यावर उरलेली रक्कम' असं लिहून घेतलं. गाडी तिथेच ठेवून आलो. दुसऱ्याच्या नावावरची, दुसऱ्याच्या विम्याची गाडी घेऊन एवढा लांबचा पल्ला मारायची माझी तयारी नाही, मालक कितीही भला असला तरी.

कागद आले की नवरा आणि दादा जाऊन आणतील. हनुमानगडजवळ अमृतसर-जामनगर द्रुतगती मार्ग धरायचा, बिकानेरच्या बाजूने सांचोर, तिथून गुजरातमार्गे मनोर. शॅकलचे बुश बदलल्याशिवाय त्या हौद्यात एक किलोही चढवायचा नाही, असं दादाने अबोहरच्या स्टेशनवरूनच सांगलीला आपल्या माणसांना फोन करून सांगितलंय, आणि बुशची ऑर्डरही देऊन टाकली आहे.